अचलपूरहून आलेली पट्टी

१

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन चांगलं नाही. आठवीत शाळा सोडली. त्यानंतर लिहायचं म्हणजे पुठ्ठ्यावर मापं आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर, एवढंच. ऱ्हस्व दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्याने सुधारून घ्यावं. शब्दही साधेच आहेत, मला दुसरे येत नाहीत. पण तोंडाने सांगायला गेलो की अर्ध्यात अडकतो आणि समोरचा माणूस दुसरीकडे पाहायला लागतो. म्हणून लिहितो. जसं झालं तसं, त्याच क्रमाने.

माझं नाव गजेंद्र. अमरावतीला वलगाव रोडवर जानराव मिस्त्रींचं टिनाचं दुकान आहे. मी तिथे दहा वर्षांपासून कामाला आहे. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ही रोजची कामं. पण मिस्त्रींचं नाव आहे ते वेगळ्या कामासाठी. जुन्या मशिनचा जो भाग आता कुठेच मिळत नाही, तो ते लोखंडातून तसाच्या तसा काढून देतात. गेल्या चार वर्षांत त्यातली बारीक कामं ते माझ्याकडे द्यायला लागले. त्यांचे डोळे आता बारीक रेघेवर टिकत नाहीत.

मे महिन्यातल्या एका बुधवारी नागसेनकाका अकोल्याहून टेम्पोत मोटरसायकल घेऊन आले. विलायती गाडी, साठ वर्षांच्या वरची. टाकीवरचं कंपनीचं नाव कधीच पुसून गेलेलं. काकांचे वडील सेमाडोहला जंगल खात्यात चौकीदार होते. तिथल्या साहेबाकडे अशीच गाडी होती आणि लहानपणी काका ती रोज पुसायचे.

"पुसाले होतो, बसाले नव्हतो," काका हसून म्हणाले. "एकदा सेमाडोहच्या घाटातून अशा गाडीवर जायचं होतं. रिटायर झाल्यावर अचलपूरच्या एका गोठ्यात ही सापडली. दोन वर्षं लागली उभी कराले."

"मंग आता चालवा ना बाप्पा," मिस्त्री म्हणाले.

"मी कुठं चालवतो? डावा डोळा गेला. उजव्यात काचबिंदू हाय, डॉक्टर म्हणते दिवाळीपर्यंत धरून चाला. वर्षाली चालवणार, माही पोरगी. मी मागं बसून जंगल पाहतो. रविवारी जायचं. सोमवारी तिची सुट्टी संपते."

गाडीला फक्त एक भाग नव्हता. मागचा ब्रेक दाबला की ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरायला पाहते. तिला धरून ठेवायला एक दांडी असते आणि ती दांडी चेसीला एका छोट्या पट्टीने बांधतात. पट्टी केवढी, तर बोटाएवढी. मधे काटकोनात वाकलेली, दोन टोकांना दोन भोकं. दिसायला काहीच नाही. पण ती तुटली तर प्लेट फिरते, चाक जाम होतं आणि उतारावर गाडी माणसांसकट जाते.

"नमुना?" मी विचारलं.

"नाई," काका म्हणाले.

"नाई तर नाई," मिस्त्री मला म्हणाले. "गाडीलेच विचार."

२

गाडीला विचारायचं म्हणजे मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा घ्यायचा, चेसीच्या भोकावर दाबायचा, छाप उठला की कापायचा. दुपारपर्यंत पुठ्ठ्याची पट्टी बरोबर बसली. मग पाच मिलिमीटरची पट्टी कापली, वाईसमध्ये धरून वाकवली, कानशीने कडा मारल्या. मी डावखुरा आहे. त्यामुळे माझ्या कामात एक कोपरा बाकी तिन्हींपेक्षा जास्त गोल होतो. मिस्त्री म्हणतात, ती माझी सही आहे. मला दुसरी सही फारशी येतही नाही.

ड्रिलखाली पट्टी लावली आणि लाइट गेली. मेमध्ये रोजच जाते. मी बिट पट्टीवर टेकवून तसंच ठेवलं, बटण बंद करायचं विसरलो आणि पाणी प्यायला गेलो. लाइट आली तेव्हा मशीन आपोआप सुरू झालं. बिट घसरलं. धावत येऊन बंद केलं, पण वाकणाच्या अगदी जवळ एक ओरखडा उठला होता. वर टिकली आणि खाली शेपूट, स्वल्पविरामासारखा.

मिस्त्रींनी उजेडात धरून पाहिलं.

"शाळा सोडली पोट्ट्यानं, पण स्वल्पविराम नाई सोडला."

"दुसरी करतो मिस्त्री."

"काहून? ब्रेक काय वाचते ते? रंगाखाली झाकते. लाव."

मी लाल प्रायमर मारून पट्टी वाळत ठेवली. तिचं एक भोक अर्धा सूत, म्हणजे दीडेक मिलिमीटर, बाजूला गेलं होतं, तेही कानशीने सरकवून घेतलं होतं. एवढी चूक चालते.

३

गुरुवारी सकाळी काकांचा फोन आला. ज्यांच्या गोठ्यात गाडी सापडली होती त्या अचलपूरच्या भगवंतरावांना गाडीबरोबरचा एक डबा मिळाला होता. त्यांनी तो एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला होता. मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो.

"तूच काय गजेंद्र?" कंडक्टर म्हणाला. "काय भरलं बावा यात? माह्या पायावर पडला असता तर आज बसच नसती आली."

दुकानात आलो तेव्हा मिस्त्री जेवायला घरी गेले होते. कूलरचा पंखा खडखडत होता. वर टिन तापून मधूनच टक्क वाजत होतं. मी डबा उघडला. गंजलेले स्पोक, फुटकी काच, दोन किल्ल्या. तळाशी कापडात बांधलेलं काहीतरी. कापड विटलेलं होतं, निळ्यावर केशरी फुलं असावीत. एका कोपऱ्याला इस्त्रीचा करपट डाग. गाठ इतकी जुनी होती की सुटेना, शेवटी चिमट्याने ओढली.

आत आमची पट्टी होती. म्हणजे गाडीची मूळची, दोन तुकडे झालेली. वाकणाजवळून तुटलेली.

आता नमुना मिळून काय उपयोग, असं वाटलं. तरी माप जुळतं का पाहावं म्हणून मी ती रॉकेलमध्ये टाकली आणि तारेच्या ब्रशने घासायला लागलो. वर काळा रंग, त्याखाली हिरवा. तोही इतका जुना की पोपडे उडत होते. त्याखाली लाल प्रायमर आणि त्याखाली लोखंड.

लोखंडावर, वाकणाच्या अगदी जवळ, स्वल्पविराम होता.

खरं सांगतो, मी आधी घाबरलो नाही. मला बरं वाटलं. साठ वर्षांपूर्वी कुठल्यातरी मिस्त्रीचं बिट माझ्यासारखंच, त्याच जागी घसरलं होतं. तोही कोणाचं तरी बोलणं खाऊन रंगाखाली झाकून मोकळा झाला असेल. मला तो माणूस जवळचा वाटला. मग मी अंगठा कडेवर फिरवला. एक कोपरा बाकी तिन्हींपेक्षा जास्त गोल होता.

मी माझी पट्टी आणून शेजारी ठेवली. दोन तुकडे जुळवून त्यावर धरली. भोक अर्धा सूत बाजूला होतं आणि त्याच बाजूला कानस मारलेली होती. स्वल्पविरामाची शेपटी जिथे बारीक होत संपते, तिथे माझ्या ओरखड्याला एक छोटा फाटा फुटला होता. जुन्यातही होता. मशीन बंद होताना बिट एकदा उडालं होतं, त्याचा.

टिन टक्क वाजलं आणि मी पट्टी हातातून टाकली.

४

मिस्त्री आले. मी दोन्ही त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला, काढला, लुंगीला पुसला, परत लावला.

"तोडली काहून?"

"ती मी नाही तोडली मिस्त्री. ती डब्यातली आहे."

"मस्करी करून राहिला काय?"

मी रॉकेलमध्ये पडलेले रंगाचे पोपडे दाखवले. त्यांनी एक पोपडा नखाने चुरला, हुंगला. मग व्हर्नियरने दोन्ही मापल्या. तीन वेळा. पुढे त्यांनी जे केलं ते मी दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. जुन्या पट्टीला हात लावायच्या आधी ते मोरीवर जाऊन हात धुऊन आले.

"हात तुहा हाय," ते हळू म्हणाले. "कोर्टात इचारलं तरी मी हेच सांगन. पण गंज चाळीस-पन्नास वर्षांचा हाय. हेबी सांगन."

"मग कसं?"

"मले काय इचारतं? मी काय देव हाय?"

त्यांनी भगवंतरावांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. तिकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. "गाडी आमच्या घरी आली तवाच बंद होती जी. माह्या बापानं कोणाची तरी ठेवून घेतली. घाटात काई झालं होतं म्हणे. मंग कोणी नेलीच नाई. डबा? डब्यात काय हाय ते मले नाई माहीत."

फोन ठेवल्यावर मिस्त्रींनी तुटकी कड उजेडात धरली आणि मलाही दाखवली. लोखंड एकदम तुटलं तर आतून साखरेसारखं खरखरीत दिसतं. हळूहळू चिरलं असेल तर तो भाग गुळगुळीत असतो. इथे थोडासाच भाग गुळगुळीत होता, बाकी सगळी साखर. आणि चीर जिथून सुरू झाली होती ती जागा म्हणजे स्वल्पविरामाची टिकली.

"माही चूक झाली," मिस्त्री म्हणाले. "मी म्हटलं, लाव. वाकणावरचा ओरखडा म्हणजे ब्लेडनं कापल्यावाणीच असते. मले माहीत होतं ना रे." त्यांनी माझी पट्टी वाईसमध्ये धरून हातोड्याने मोडून टाकली. "दुसरी कर. जाड घे."

५

दुसरी पट्टी मी आठ मिलिमीटरची केली. बटण बंद, बिट वर, पट्टी घट्ट आवळलेली. एकही ओरखडा नाही. वाकणाला एक तिरपा आधारही वेल्ड केला. मन निवांत झालं. डबा आवरून ठेवू म्हणून जुने तुकडे उचलले, तर हाताला जड लागले.

आठ मिलिमीटरचे होते. ओरखडा नव्हता. तिरपा आधार होता, त्यावर माझं वेल्डिंग होतं आणि वेल्डिंगच्या कडेने पट्टी तुटली होती. गंज तोच. काळा रंग, खाली हिरवा, तोच.

मी स्वतःला म्हणालो, मघाशी नीट पाहिलं नव्हतं. उन्हातून आलो होतो. पण मिस्त्रींनी मोडलेली माझी पहिली पट्टी खाली भंगारात पडली होती, स्वल्पविरामासकट. मी ती उचलून खिशात ठेवली. वेडा नाही, एवढं हाताशी असावं म्हणून.

शुक्रवारी मिस्त्रींनी ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानपट्ट्याचं लोखंड काढलं. तापवून वाकवलं, लाल असतानाच तेलात विझवलं. कानस लावली तर घसरायची, एवढी कडक झाली. "हे नाई तुटत," मिस्त्री म्हणाले. "हे माह्यानंतरबी राहते."

दोघांनी मिळून डब्याकडे पाहिलं. कोणी पुढे होईना. शेवटी मीच कापड सोडलं. कमानपट्ट्याचं लोखंड, काचेसारखं तडकलेलं. या वेळी कडेवर गुळगुळीत भाग नव्हताच. सगळी साखर.

मिस्त्री स्टुलावर बसले. "एक काम करू," ते म्हणाले. "तू ते हातात धर. नजर काढू नको. मी इकडं काम करतो."

मी जुना तुकडा डाव्या हातात धरला, अंगठा सपाट भागावर ठेवला. समोरच्या टेबलावर मिस्त्रींनी लोखंडाचा नवा तुकडा घेतला, त्यावर खूण ठोकायचा सेंटर पंच टेकवला. मी पापणी लवू दिली नाही. जुन्या तुकड्याची तेवढी जागा गंजाने तपकिरी आणि सपाट होती. मी हे आजही शपथेवर सांगू शकत नाही, तरी सांगतो. सपाट होती.

ठक्.

माझ्या अंगठ्याखाली खळगा होता. त्यात गंज भरलेला होता, गंजावर रंग, रंगावर धूळ. काही हललं नाही. काही बदललंही नाही. तो आधीपासूनच तिथे होता आणि मला आता आठवत होतं की सकाळपासून तो तिथेच होता. फक्त त्याच्या मागे, अगदी खाली, दुसरी एक आठवण होती, तिथे काही नव्हतं याची. ती पाण्यात मीठ जावं तशी जात होती.

"आला काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"आहेच," मी म्हणालो.

मला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटत होतं. लहानपणी एकदा विहिरीच्या काठावरून वाकून पाहिलं होतं. पाणी दिसत नव्हतं, पण ते आहे हे तोंडावर गार लागत होतं. तसं. आम्ही एक ठोका इकडे मारला होता आणि तो पन्नास वर्षांमागे जाऊन लागला होता. मला वाटलं, दुकानात हळू बोलावं.

६

शनिवारी दुपारी नागसेनकाका आणि त्यांची मुलगी गाडी न्यायला आले. मिस्त्रींनी काकांना बाहेर निंबाच्या सावलीत बाजेवर बसवलं. काका तिथूनच मोटरसायकलच्या टाकीवर हात फिरवत होते, आंधळे हात फिरवतात तसा.

वर्षालीताई आत आल्या. आमच्याकडे उन्हात मुली बांधतात तसा स्कार्फ डोक्या-तोंडाला गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. त्यांनी तो सोडला आणि माझ्या टेबलावर टाकला.

निळ्यावर केशरी फुलं होती. कोपऱ्यात इस्त्रीचा करपट डाग.

"झाली का आमची पट्टी?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते दारात होते, त्यांनी स्कार्फ पाहिला होता आणि त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"दोन दिवस लागन ताई," मिस्त्री म्हणाले. "माल नाई भेटला."

"मिस्त्रीकाका, परवा मला नागपूरला लॅबमध्ये हजर व्हायचंय. पुढची सुट्टी दिवाळीला. तोपर्यंत बाबांना..." त्यांनी बाहेर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते रात्री झोपले नाहीत. घाटातली वळणं पाठ म्हणत होते. काय अडचण आहे ते सांगा ना."

मग मी डबा त्यांच्यापुढे सरकवला, खिशातली पट्टी काढली आणि सांगायला लागलो. कसं सांगितलं ते आठवत नाही. मधे मधे थांबत होतो. त्या हसतील किंवा उठून जातील असं वाटत होतं. शेवटी मी डब्यातलं कापड काढून त्यांच्या स्कार्फशेजारी पसरलं.

त्यांनी दोन्ही डागांवर दोन बोटं ठेवली.

"हा मी मागच्या आठवड्यात नागपूरला सीताबर्डीवर घेतला," त्या म्हणाल्या. "इस्त्रीने परवा मीच करपवला." मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "बाबांना सांगायचं नाही."

"नाही."

"म्हणजे तुम्ही काहीही केलं तरी हे तुटतंच."

"हो."

बराच वेळ त्या तुकडे उलटसुलट करत राहिल्या. नंतर त्यांनी दांडीच्या भोकात करंगळी घातली.

"हे भोक एवढं गोल कसं? गाडी चालली की झिजायला पाहिजे ना?"

मी पाहिलं. खरंच गोल होतं. तीन दिवस मी फक्त तुटलेली कड पाहत होतो. भोकाकडे पाहिलंच नव्हतं. दांडी हलते, भोक लांबट होत जातं, हे मला कामाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

"नाही झिजलं," मी म्हणालो. "म्हणजे लगेच तुटली. एक-दोन दिवसांत."

"आमच्या लॅबमध्ये नुसतं ‘बिघाड आहे’ असं लिहून चालत नाही हो. कधीपासूनचा तेही पाहावं लागतं," त्या म्हणाल्या. "तुटणार तर सगळंच आहे. तुम्ही भोक झिजेपर्यंत टिकेल अशी करा. तुटली तर म्हातारी होऊन तुटू दे."

मिस्त्री दारातून आत आले. पहिल्यांदाच ते मला काम सांगितल्यासारखं न बोलता विचारल्यासारखं बोलले. "आपण भेलो ना गा? भेलो म्हणून जाड केली, कडक केली. ब्रेक तर ओढतेच. ज्याले वाकता नाई येत ते तुटते."

"नरम घेऊ," मी म्हणालो. "वाकण मोठं ठेवू. घाई नाही करायची."

७

साधी पट्टी घेतली, सहा मिलिमीटरची. वाकण काटकोनात न घेता पाइपवरून गोलाईने घेतलं. पूर्ण लाल करून वाकवलं आणि विझवलं नाही, चुलीच्या राखेत पुरून ठेवलं. राखेत निवायला दोन तास लागले. त्या दोन तासांत वर्षालीताई काकांजवळ बाजेवर बसून त्यांच्याबरोबर वळणं मोजत होत्या. मिस्त्री मशिनकडे आले नाहीत. भोकं मीच पाडली. वाकणाची आतली बाजू बारीक पॉलिश पेपरने इतकी घासली की त्यात माझं बोट दिसायला लागलं. संध्याकाळचं ऊन दारातून आत आलं तेव्हा पट्टी तयार होती.

डबा मिस्त्रींनी उघडला.

केशरी फुलांचं कापड नव्हतं. आमच्या दुकानात हात पुसायला असतं तसलं तेलकट फडकं होतं. आत पट्टी होती, तुटलेलीच. पण दांडीचं भोक लांबट होत होत कडेपर्यंत गेलेलं होतं. एकदा ते भरून, पुन्हा पाडून, पुन्हा झिजलेलं होतं. सपाट भाग मधे पातळ झाला होता, जुन्या पायरीसारखा. रंगाचे थर मी मोजले. अकरा. तिथून पुढे कळेनात.

वाकणाजवळ कधीतरी चीर पडली होती आणि ती वेल्ड केलेली होती. मी ते वेल्डिंग उजेडात धरलं.

डावखुऱ्या माणसाचं होतं. डावीकडे झुकत जाणारं, शेवटी एक छोटा हिसका देऊन थांबवलेलं. मी तसंच थांबवतो. पण मधे मधे ते थरथरलेलं होतं. एका ठिकाणी हात उचलावा लागला होता, दम घेऊन पुन्हा सुरू केलं होतं. मी अनेक म्हाताऱ्या मिस्त्रींचं काम पाहिलं आहे. हात कापायला लागला की असं होतं.

मिस्त्रींनी ते माझ्या हातातून घेतलं, बराच वेळ पाहिलं. त्यांचा चष्मा नाकावर घसरला तरी त्यांनी वर केला नाही.

"हे माह्या वक्ताचं नाई," ते म्हणाले. "हे मी पाह्यलं नाई. तवा मी नसन." आणि मग एकदम हसले, दहा वर्षांत मी इतकं स्वच्छ हसू पाहिलं नव्हतं. "पण टाका बरोबर मारला पोट्ट्यानं."

पट्टी शेवटी तुटली होती ती त्या वेल्डिंगच्या पुढे, दुसऱ्याच जागी. त्या जागेवर कोणाचाच हात लागलेला नव्हता. दुरुस्त करायला कोणी राहिलं नव्हतं, किंवा गरज राहिली नव्हती. ते पाहून मी तुकडे फडक्यात परत बांधले. त्याच्यापुढे पाहायचं नव्हतं.

ताई आणि काका त्या रात्री अमरावतीलाच नातेवाइकांकडे थांबले. मी घरी जाऊन जेवलो. आईने विचारलं, हात का पाहतोस सारखा. मी म्हणालो, भाजला थोडा.

सकाळी सहाला दुकान उघडलं. पट्टी बसवली, दोन्ही बोल्ट आवळले, कॉटर पिन घातली. आधी मी एकटा गाडी घेऊन वलगावच्या पुलापर्यंत गेलो आणि उतारावर ब्रेक दाबला. एकदा हळू, मग जोरात, मग उभा राहून पूर्ण वजनाने. वीसेक वेळा तरी. रस्त्याने दूधवाला चालला होता, तो म्हणाला, "बिघडली काय रे?" मी मान हलवली. गाडी दर वेळी जागेवर थांबत होती.

काका आणि ताई आले. ताईंनी तोच स्कार्फ बांधला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. काका मागे बसले, दोन्ही हातांनी सीटची कड धरली आणि तोंड परतवाड्याच्या, घाटाच्या दिशेला केलं.

"ताई," मी म्हणालो, "गाडी दरवर्षी उन्हाळ्यात मला दाखवायला आणत जा. दुसरीकडे नेऊ नका. ही पट्टी मीच पाहीन."

"किती वर्षं?"

"मी म्हातारा होईपर्यंत."

त्यांनी किक मारली. मी हात वर करून थांबा म्हटलं, खाली बसलो आणि नट आणखी एकदा आवळून पाहिला. तो आवळलेलाच होता. मग त्यांना जाऊ दिलं.